ओसाका ते बेप्पू : जहाजावरची आंघोळ

जपानमधल्या ओसाकाहून संध्याकाळी सुटणारी फेरी रात्रभर सेतो समुद्रातून जाते आणि सकाळी सातच्या सुमारास क्यूशू बेटावरच्या बेप्पूला लागते. या फेरीत सगळ्या प्रवाशांसाठी दोन मोठी स्नानगृहं असतात, एक बायकांचं आणि एक पुरुषांचं. खिडकीशी गरम पाण्याचं मोठं टाकं आणि काचेपलीकडे समुद्र. तिकिटावर वेगळे पैसे पडत नाहीत. पण पाण्यात उतरायचं ते अंगावर काहीही न घालता. पोहण्याचा पोशाख चालत नाही, टॉवेल गुंडाळून बसलेलंही चालत नाही.

मी ओसाकाजवळच्या कोबेला राहते आणि इथल्या सार्वजनिक स्नानगृहांना आता सरावले आहे. पण या वेळी सोबत सासूबाई होत्या. वय बहात्तर, सगळं आयुष्य वाईत गेलेलं. लहानपणी कृष्णेच्या घाटावर बायकांच्या घोळक्यात आंघोळ केलेली, पण ती लुगड्यासकट. ओलं लुगडं अंगावर असतानाच कोरडं गुंडाळायचं आणि आतलं खाली सोडायचं, ही कसरत त्या काळच्या प्रत्येक मुलीला यायची. त्यांना हे सांगायचं कसं, या विचारात माझे काही दिवस गेले. न सांगता जहाजावर नेऊन ऐनवेळी पडद्यापाशी उभं करणं मला बरोबर वाटेना. शेवटी एका दुपारी त्या मटार सोलत बसल्या होत्या तेव्हा सरळ सांगून टाकलं.

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली आणि विचारलं, "सगळ्या बायकाच ना?"

"हो आई, फक्त बायका."

"आणि तू?"

या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. अनोळखी जपानी बायकांचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं, कारण त्या पुन्हा कधी भेटणार नव्हत्या. अवघड होतं ते सुनेसमोर. मलाही तेच अवघड वाटत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर मी कधी ओढणीशिवाय वावरले नव्हते. मी म्हटलं, "मीपण असेन. नको वाटलं तर तुम्ही एकट्या जा, मी बाहेर थांबते." त्यावर त्या म्हणाल्या, "एकटीला मला तिथलं काय कळणार? जाऊ दोघी." विषय तिथेच संपला आणि मटार पुन्हा सुरू झाले.

दुसरी अडचण होती गोंदणाची. सासूबाईंच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे. लग्नाआधी त्यांच्या आजीने गावात आलेल्या गोंदणारणीकडून ते करून घेतलं होतं. जपानात गोंदण म्हटलं की लोकांना याकुझा म्हणजे गुंडांच्या टोळ्या आठवतात, म्हणून अनेक स्नानगृहांच्या दारावर 'गोंदण असलेल्यांना प्रवेश नाही' अशी पाटी असते. २०१५ साली इथल्या पर्यटन खात्याने हॉटेलं आणि धर्मशाळांना याबद्दल विचारलं, तेव्हा ५६ टक्के ठिकाणांनी गोंदण चालत नाही असं सांगितलं. १३ टक्के ठिकाणी झाकलं तर चालत होतं आणि ३१ टक्के ठिकाणी कसलीच आडकाठी नव्हती. त्याच्या दोन वर्षं आधी उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या परंपरागत गोंदणामुळे स्नानगृहातून परत पाठवलं गेलं. आदिवासी भाषांच्या परिषदेसाठी त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या. तेव्हा या नियमावर बरीच चर्चा झाली. मला तो नियम जसाच्या तसा पटत नाही. टोळीची खूण आणि आजीने हौसेने काढून घेतलेली तुळस यांना एकाच पाटीखाली आणणं हा अन्याय आहे. पण पाणी त्यांचं, घर त्यांचं, तेव्हा आधी विचारायचं हे मी ठरवलं होतं. औषधांच्या दुकानात त्वचेच्या रंगाच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या घेऊन ठेवल्या. सासूबाईंना कारण सांगितलं तर त्या दुखावल्या. म्हणाल्या, "मेल्यावर बाईबरोबर तेवढाच एक दागिना जातो म्हणतात, आणि इथे तोच झाकायचा?" पण हात पुढे केला.

जहाजात चढल्यावर पहिलं काम ते केलं. काउंटरवरच्या मुलीला पट्टी लावलेला हात दाखवला, खाली काय आहे ते सांगितलं. तिने आत जाऊन कोणाला तरी विचारलं, परत येऊन वाकून नमस्कार केला आणि पट्टी निघणार नाही एवढी काळजी घ्या, म्हणाली.

ओसाका-बेप्पू हा मार्ग जुना आहे, १९१२ पासूनचा. त्या साली 'कुरेनाई मारू' नावाची बोट इथे सुरू झाली आणि ओसाकाची माणसं गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी बेप्पूला जाऊ लागली. आताची जहाजं २०२३ साली आली, द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात आणि लांबीला जवळजवळ २०० मीटर आहेत. पोटात मालमोटारी, वर माणसं. काउंटरजवळ एक फलक असतो, त्यावर आपलं जहाज कोणत्या पुलाखालून किती वाजता जाणार ते लिहिलेलं असतं. पहिला पूल आकाशी-काइक्यो, ओसाका सोडल्यावर साधारण तासाभराने. आंघोळीची वेळ मी त्यावरूनच ठरवली. आधी थोडं खाऊन घेतलं, पोट भरून मात्र जेवलो नाही. भरल्या पोटी गरम पाण्यात बसू नये आणि अगदी उपाशीपोटीही बसू नये. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी आहे, म्हणून एक पेला पाणीही प्यायला लावलं. जपानात हिवाळ्यात गार खोलीतून एकदम गरम पाण्यात गेल्यामुळे म्हाताऱ्या माणसांना चक्कर येऊन किंवा हृदयावर ताण पडून जीव गमावण्याचे प्रकार दरवर्षी होतात. आपल्याकडून आई-वडील आले की या स्नानाची हौस सगळ्यांनाच असते, पण हे फार थोडे जण सांगतात. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं.

स्नानगृहाच्या दारावर पडदे असतात, बायकांचा लाल आणि पुरुषांचा निळा. आमचा मुलगा सात वर्षांचा, त्यामुळे तो बाबाबरोबर निळ्या पडद्यामागे गेला. पूर्वी नऊ-दहा वर्षांची मुलंही आईबरोबर बायकांच्या बाजूला जात. २०२० च्या अखेरीस आरोग्य खात्याने ती मर्यादा सातवर आणली. ते योग्यच झालं.

आत गेल्यावर चपला काढून खणात ठेवायच्या, मग कपडे बदलायची खोली. भिंतीला कुलपाचे कप्पे, समोर आरसे आणि केस वाळवायची यंत्रं. तिथे शाळकरी मुलगी होती, तिची आई होती, दोन मैत्रिणी होत्या आणि सासूबाईंच्याच वयाच्या एक आजी होत्या. कोणी घाई करत नव्हतं, आणि कोणी कोणाकडे बघतही नव्हतं. बघायचं नाही असं ठरवून दुसरीकडे वळवलेली मान मला ओळखता येते, तसं ते नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या कामात होती, कपड्यांच्या घड्या घालत होती, केस वर बांधत होती.

मी आधी कपडे काढले. मी मागे राहिले असते तर त्यांना फार जड गेलं असतं. कप्प्याकडे तोंड करून, एकेक घडी घालत, मागे वळून न बघता. मागून सासूबाईंचा आवाज आला, "मंगळसूत्र काढायचं नाही हं मी." मी म्हटलं, नका काढू. जोडव्यांचं विचारलं, तीही राहू दे म्हटलं. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, पण हे पाणी साधं, तापवलेलं गोडं पाणी आहे. खऱ्या झऱ्याचं पाणी कशाला म्हणायचं याचा जपानात १९४८ पासून कायदा आहे. जमिनीतून येतानाच पाणी किमान २५ अंश असलं पाहिजे, किंवा त्यात कायद्याने ठरवलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादं पुरेशा प्रमाणात असलं पाहिजे. जहाजावरच्या टाक्याला अर्थातच तो मान नाही. तो मान सकाळी बेप्पूत मिळणार होता.

हातात राहतो फक्त एक छोटा टॉवेल, आपल्या नॅपकिनपेक्षा थोडा लांब. चालताना तो पुढे धरायचा. तेवढा आडोसा सगळ्याच घेतात, त्यामुळे कोणालाही ते विचित्र दिसत नाही. सासूबाईंनी तो असा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

काचेचं दार सरकवलं की वाफ. आणि इथे जे झालं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. एका भिंतीला नळांची रांग, प्रत्येक नळापुढे आरसा, एक बुटकं स्टूल आणि एक छोटं घमेलं. आधी इथे बसून अंग घासून, साबण लावून, केस बांधून किंवा धुऊन पूर्ण स्वच्छ व्हायचं आणि मगच टाक्यात उतरायचं. नवीन आलेल्या माणसांचं इथेच अडतं. उभ्याने शॉवर घ्यायची सवय असते आणि उभं राहिलं की शेजारणीच्या अंगावर शिंतोडे उडतात. सासूबाईंचं मात्र इथे काहीच अडलं नाही. त्यांची सगळी आंघोळ पाटावर बसून झालेली. वाईच्या घरी आजही बंबाचं पाणी बादलीत काढून त्या तांब्याने घेतात. स्टुलावर त्या बसल्या त्या अशा की जन्मभर तिथेच बसत असाव्यात. घमेल्यात पाणी भरलं, हाताने बघितलं, खांद्यावरून ओतलं. छोटा टॉवेल घासायला घेतला. मघाशी घट्ट धरलेला आडोसा आता साबणाच्या फेसाने भरला होता आणि त्याची त्यांना आठवणही नव्हती. मला म्हणाल्या, "वज्री नाही का गं इथे? टाचा घासायला काहीतरी पाहिजे होतं."

पण टाक्याबद्दल त्यांच्या मनात शंका होती. "इतक्या जणी त्याच पाण्यात? पाणी बदलतात कधी?" हा प्रश्न त्यांनी मला कोबेच्या घरीही विचारला होता आणि मी गाळण्याची यंत्रं, क्लोरीन वगैरे सांगितलं होतं. ते त्यांना पटलं नव्हतं. इथे शेजारच्या नळावर त्या आजी बसल्या होत्या. त्या किती वेळ अंग धूत होत्या! कानामागे, मानेवर, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, टाचांना, पुन्हा पाठीला. मग सगळा फेस जाईपर्यंत घमेल्यांवर घमेली पाणी. शेवटी बसलेलं स्टूल धुतलं, घमेलं धुऊन पालथं घातलं, जमिनीवरचा फेस पाण्याने लोटून दिला. सासूबाई हे सगळं आरशातून बघत होत्या. आजी उठल्यावर त्या मला म्हणाल्या, "एवढं करून जात असतील तर हरकत नाही," आणि स्वतः पुन्हा एकदा साबण लावायला बसल्या.

मला तर या सगळ्या रिवाजाचं मर्म तिथेच दिसतं. पाण्यात माणूस अंग धुवायला जात नाही, धुतलेलं अंग घेऊन जातो, कारण ते पाणी नंतर येणारीचंही आहे. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, केस पाण्याला लागू द्यायचे नाहीत, आत पोहायचं नाही, लाथा मारायच्या नाहीत, बाहेर पडताना कपड्यांच्या खोलीत जाण्याआधी अंग पुसून घ्यायचं म्हणजे तिथली जमीन ओली होत नाही. नियमांच्या पाट्या वाचल्या की हे सगळं कडक आणि परकं वाटतं. तिथे बसून बघितलं की कळतं, प्रत्येक नियमामागे दुसऱ्या बाईचा विचार आहे. कपडे नसण्याचा जो बाऊ आपण मनात करतो, त्याला त्या खोलीत जागाच उरत नाही, कारण तिथे सगळ्यांचं लक्ष पाणी राखण्याकडे असतं.

"वळ तिकडे," सासूबाई म्हणाल्या. मला आधी समजलंच नाही. त्यांनी माझ्या हातातला टॉवेल घेतला आणि माझी पाठ घासायला लागल्या. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला त्या घरात सगळ्यांना तेल-उटणं लावतात. नवऱ्याला, दिराला, नातवाला. माझ्या हातावर मात्र त्या दरवर्षी उटण्याची वाटी ठेवतात आणि मी आत जाऊन माझं मी लावते. त्यात रुसण्यासारखं काही नव्हतं, सुनेचा मान राखायची ती त्यांची पद्धत. त्या जोर लावून घासत होत्या आणि मी मान खाली घालून बसले होते. मग मी त्यांची पाठ घासली. त्यांची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. उजव्या खांद्याखाली भाजल्याचा जुना डाग होता. विचारलं तर म्हणाल्या, "लहानपणी चुलीवरचं आधण सांडलं होतं."

टाक्याच्या काठाशी बसून आधी घमेल्याने तेच गरम पाणी पायांवर, मग मांड्यांवर, मग खांद्यांवर घ्यायचं, म्हणजे अंगाला उष्णतेची ओळख होते. भिंतीवरच्या आकड्यात पाणी ४१ अंश दाखवत होतं. आत उतरायला पायऱ्या आणि धरायला दांडी आहे. घरच्या टबात दांडी नसली तरी चालते, पण इथे ती हवीच, कारण जमीन हलते. सेतो समुद्र तीन मोठ्या बेटांनी अडवलेला, तसा शांत, तरी जहाज वळताना टाक्यातलं पाणी एका काठाकडे चढतं, तिथून थोडं सांडतं आणि सावकाश दुसऱ्या काठाकडे जातं. खुल्या समुद्रातल्या मार्गांवर लाटा मोठ्या असल्या की स्नानगृह बंदच ठेवतात. सासूबाई दांडी धरून एक पायरी उतरल्या, थांबल्या, दुसरी उतरल्या, पुन्हा थांबल्या. गळ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला आणि डोळे मिटून "हर हर गंगे" म्हणाल्या. पलीकडच्या आजींनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांच्याही तोंडून मघाशी उतरताना तसाच एक उसासा निघाला होता.

थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून पूल जवळ आल्याचं सांगितलं. खिडकीच्या काचेवर आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब आणि वाफेचा थर, त्यामुळे बाहेरचं काही दिसेना. शाळकरी मुलीने हाताने काच पुसली. मग आम्हीही पुसली. अंधारात दिव्यांची एक लांब रांग जवळ येत होती आणि मधोमध डोक्यावर चढत होती. आकाशी-काइक्यो पुलाच्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर १,९९१ मीटर आहे. १९९८ ला तो सुरू झाला तेव्हापासून २०२२ पर्यंत जगातला सर्वांत लांब झुलता पूल तोच होता. मुळात ते अंतर १,९९० मीटरच ठरलं होतं. बांधकाम चालू असताना १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा मोठा भूकंप झाला, मनोरे तेव्हा उभे होते, आणि जमीनच सरकल्यामुळे त्यांच्यातलं अंतर मीटरभराने वाढलं. कोबेत राहणाऱ्या माणसाला हा पूल बघताना ते आठवतंच. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी काचेला कपाळ लावून वर बघितलं आणि म्हणाल्या, "आणि तरी बांधला पुढे." आमच्याच कोयनेच्या बाजूचा १९६७ चा भूकंप त्यांनी वाईत अनुभवला आहे. पहाटे घराबाहेर पळालेलं, पुढचे कित्येक दिवस अंगणात झोपलेलं त्यांना लख्ख आठवतं. ते सगळं त्यांनी मला त्या पाण्यात बसून सांगितलं. मी पूर्वी ऐकलं होतं, पण तुकड्यातुकड्यांत.

पूल मागे गेला. मी काठावर येऊन बसले, कारण ४१ अंशात दहा मिनिटांपेक्षा जास्त सलग बसू नये. त्यांनाही वर घेतलं, पाय फक्त पाण्यात. तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या पोटावरच्या व्रणाकडे गेलं. मुलाच्या वेळचं सिझेरियन. त्या वेळी त्या येऊ शकल्या नव्हत्या. व्हिडिओ कॉलवर रोज विचारायच्या, बाळ पितंय का, तुला दूध पुरतंय का, डिंकाचे लाडू कशात करता येतील.

"अजून ओढ बसते का गं टाक्यांना?" त्यांनी विचारलं.

"थंडीत कधी कधी."

"मला पण बसायची," म्हणाल्या, आणि स्वतःच्या पोटावरची उभी, बेंबीखालपर्यंत गेलेली रेघ दाखवली. गर्भपिशवी काढल्याची. मला त्यांचं ऑपरेशन झालंय हे माहीत होतं, पण ते किती मोठं होतं ते माहीत नव्हतं. तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या, मुलं शाळेत, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या चुलीपाशी उभ्या होत्या. "कोणी बस म्हणालं नाही. मीपण म्हटलं नाही मला बसायचंय." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी काय बोलणार होते? घमेल्याने गरम पाणी घेऊन त्यांच्या खांद्यांवर ओतत राहिले, काठावर बसल्यावर खांदे गार पडतात म्हणून.

कपडे अंगावर असते तर हे बोलणं झालं नसतं असं मला वाटतं. आमच्या घरात बायकांच्या शरीराबद्दल बोलायची वेळ येते ती डॉक्टरकडे जाताना, आणि तेव्हाही अर्ध्या शब्दांत. एकमेकींची अंगं दिसत होती म्हणून विचारता आलं.

बाहेर पडताना सावकाश उठायचं. एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. दांडी धरून, पायरीवर थांबून, मग वर. अंग पुसून आम्ही कपड्यांच्या खोलीत आलो तेव्हा सासूबाई पंख्याखाली टॉवेल मांडीवर टाकून आरामात बसल्या, कपडे घालायची त्यांना काही घाई नव्हती. बाहेर नवरा आणि मुलगा आमच्याआधीच येऊन बसले होते. आंघोळीनंतर इथे गार दूध प्यायची रीत आहे, तेही झालं. मुलाने विचारलं, "आजी, लाजलीस का?" त्या म्हणाल्या, "वेळच नाही झाला."

पहाटे मला जाग आली तेव्हा शेजारचं अंथरुण रिकामं होतं. धावत वर गेले तर लाल पडद्याबाहेर त्यांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. एकट्या गेल्याचं बघून मला आधी काळजी वाटली आणि मी रागावलेही, रक्तदाबाची गोळी असणाऱ्या माणसाने एकट्याने जाऊ नये म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. "मी पाणी पिऊन आले होते," म्हणाल्या, "आणि कालच्या आजीही आत आहेत." बाहेर उजाडत होतं, उजव्या-डाव्या बेटांचे आकार काळ्याचे निळे होत होते. मीही उतरले.

बेप्पूत उतरलं की डोंगराच्या उतारावर जागोजागी वाफेचे लोट दिसतात. दोन हजारांहून जास्त झरे एका गावात, जपानात एवढे कुठेच नाहीत. रेल्वे स्थानकासमोर दोन्ही हात उंचावून उडी मारणाऱ्या एका गृहस्थांचा पुतळा आहे. ते आबुराया कुमाहाची, १८६३ ते १९३५. सट्ट्यात सगळं गमावून बेप्पूला आले आणि १९११ साली इथे छोटी खानावळवजा धर्मशाळा काढली. सुरुवातीला बोटी किनाऱ्याला लागत नसत, प्रवाशांना लहान होड्यांतून उतरावं लागे आणि त्यात हाल होत. कुमाहाचींनी खटपट केली आणि १९१६ साली बोटींसाठी धक्का बांधला गेला. 'डोंगर म्हणाल तर फुजी, समुद्र म्हणाल तर सेतो, पाणी म्हणाल तर बेप्पू' ही घोषणा त्यांचीच. ती रंगवलेला खांब त्यांनी थेट फुजी पर्वतावर नेऊन रोवला होता. आपण रात्रभर ज्या वाटेने आलो तिच्यासाठी कोणी एवढं झिजलंय हे कळल्यावर सासूबाईंनी पुतळ्याला हात जोडले.

तिथून आम्ही ताकेगावारा या सार्वजनिक स्नानगृहात गेलो. १८७९ पासून चालू, आताची लाकडी इमारत १९३८ ची, देवळासारखं छप्पर. इथे शॉवर नाहीत, नळांची रांग नाही. कपडे काढायची जागा आणि टाकं एकाच उंच छताखाली, दोन-चार पायऱ्या खाली उतरून. टाक्यातलंच पाणी घमेल्याने काढून काठाशी बसून अंग धुवायचं. पट्टी रात्रीच्या आणि पहाटेच्या पाण्याने सुटत आली होती. मी काउंटरवर हात दाखवून विचारलं, तर तिथल्या माणसाने बघितलं न बघितलं आणि आत जा म्हणून खूण केली. बेप्पूत असं चालणारी ठिकाणं बरीच आहेत. सासूबाईंनी पट्टी ओढून काढली, तिची घडी करून पिशवीत ठेवली.

पाणी जहाजावरच्यापेक्षा कितीतरी कडक होतं. मी गुडघ्यापर्यंत गेले आणि परत काठावर आले. आत गावातल्याच एक आजी होत्या. त्यांनी सासूबाईंना खुणेने दाखवलं की पाणी ढवळायचं नाही, हलायचं नाही, स्थिर बसलं की सोसतं. सासूबाई स्थिर बसल्या. आजींची नजर त्यांच्या हाताकडे गेली आणि त्यांनी मला विचारलं, हे झाड कसलं? तुळस म्हणजे काय हे मी जमेल तसं सांगितलं, अंगणात असते, रोज पाणी घालतात, संध्याकाळी दिवा लावतात. आजींनी पुढे विचारलं, काढताना दुखलं का? मी ते मराठीत सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सांग त्यांना, दोन जणींनी धरून ठेवलं होतं मला." आजी हसल्या आणि त्यांनी आपल्या गुडघ्यावरची ऑपरेशनची रेघ पाण्यावर आणून दाखवली. मग दोघींचं गुडघ्यांवर बोलणं सुरू झालं, आणि मी काठावरून इकडचं तिकडे करत राहिले.

परतीची आमची तिकिटं शिनकानसेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची होती. दुपारी जेवताना सासूबाईंनी विचारलं, ती बदलून बोटीची मिळतील का. मिळाली, थोडे पैसे कापले गेले. बेप्पूहून फेरी संध्याकाळी सुटते, म्हणजे आकाशीचा पूल परत जाताना पहाटेच्या सुमारास येतो. त्या वेळी स्नानगृह उघडलेलं असतं का, हे विचारायला त्यांनी मला लगेच काउंटरवर पाठवलं.